कस्तुराचे अकरा टक्के

धुळ्याच्या ज्या छातीच्या दवाखान्यात मी नऊ वर्षं काढली, तिथल्या शिरुडे डॉक्टरांबद्दल माझं मत पहिल्या महिन्यातच झालं होतं, आणि ते बदलावं असं त्यांनी पुढे काही केलं नाही. त्यांनाही ते ठाऊक होतं. तरी त्यांनी मला काढलं नाही, कारण फुंकायचं यंत्र माझ्याशिवाय कुणाला चालवता येत नव्हतं. ते स्वतः त्याच्या बटणाला बोट लावायला बिचकत. पेशंटसमोर मात्र यंत्रावर असा हात ठेवून उभे राहत, जणू ते त्यांनीच घरी बसून घडवलंय.

यंत्राचं काम सोपं. पेशंटने पोटभर श्वास घ्यायचा, नाकाला चिमटा लावायचा, पुठ्ठ्याची नळी ओठांत धरायची आणि जीव एकवटून फुंकायचं. पहिल्या सेकंदात किती मिलिलिटर हवा बाहेर पडली, तो आकडा कामाचा. तीनदा फुंकायला लावायचं आणि तिन्हींतला मोठा आकडा धरायचा. माणूस पहिल्यांदा लाजत फुंकतो, दुसऱ्यांदा खोकतो, तिसऱ्यांदा खरं काय ते कळतं. यात न समजण्यासारखं काही नाही. मॅट्रिक झालेल्या मला ते दोन दिवसांत समजलं होतं.

चौऱ्याण्णव साली मुंबईच्या एका औषध कंपनीचं पत्र आलं. सिस्टिक फायब्रोसिस नावाचा आजार असतो. जन्मापासून छातीत डिंकासारखा कफ साठतो, खाल्लेलं अंगी लागत नाही, घाम मिठासारखा खारट येतो. तेव्हा आपल्याकडे तो कुणी ओळखतही नसे. अशी पोरं टीबीच्या गोळ्या खात खात जायची. त्यांचा कफ पातळ करणारं नवं औषध निघालं होतं, तोंडाला मास्क लावून धुक्यासारखं ओढायचं. बारा आठवड्यांत इथल्या रुग्णांना त्याने किती फरक पडतो, ते कंपनीला मोजायचं होतं. ज्याला फरक पडेल त्याला पुढेही औषध फुकट मिळणार होतं. एका केंद्रात निदान सहा रुग्ण हवे होते.

धुळ्यात असा रुग्ण एकच होता. बाकीचे पाच शिरुडे डॉक्टरांनी आठ दिवसांत तयार केले. एकाचीही घामाची तपासणी झालेली नव्हती. त्यांतला उखर्डू नावाचा अडतीस वर्षांचा माणूस दिवसाला दोन बंडल बिड्या ओढायचा. कागदावर तो चोवीस वर्षांचा आणि जन्मापासूनचा आजारी झाला.

मी म्हटलं, "डॉक्टर, याची मुलगी लग्नाला आलीये."

ते हसले. "सुनंदाबाई, मुंबईवाल्यांना काय कळतंय? त्यांना धुळं नकाशात सापडत नाही."

खरी रुग्ण होती ती कस्तुरा. साक्रीपासून चार मैलांवरच्या खेड्यातली, चौदा वर्षांची, दिसायला नऊची. टीबीचे तीन कोर्स झालेले, त्यांतले दोन आमच्याच दवाखान्यात. तिची आई झुंबरबाई कोरडवाहू शेतकऱ्याची बायको, शाळेचं तोंड न पाहिलेली. तिने दोन वर्षांपूर्वीच शिरुडे डॉक्टरांना सांगितलं होतं, "डाक्टर, पोरना मुका लिधा तं व्हट खारा व्हतस." डॉक्टर सगळ्यांदेखत म्हणाले होते, "ए बाई, पोरगी आहे का लोणचं? चाटतेस कशाला?" आणि बाकावरचे लोक हसले होते. पुढे गावातल्या मास्तरांनी ओळख काढून मायलेकींना मुंबईला पाठवलं. तिथे घाम तपासला आणि आजाराचं नाव कळलं. मुंबईचा कागद धुळ्याला आला, त्या दिवसापासून ते निदान शिरुडे डॉक्टरांचं झालं. पाहुण्यांना ते सांगत, "मला पहिल्यापासून संशय होताच."

औषध थंड ठेवावं लागे. झुंबरबाईच्या गावात फ्रिज नव्हता. डॉक्टर म्हणाले, "मग राहू दे, नाव कागदावर राहू दे, औषध नाही घेतलं तरी चालेल."  चौथ्या दिवशी झुंबरबाईचा निरोप आला की साक्रीच्या गुरांच्या दवाखान्यातल्या फ्रिजमध्ये, लसींच्या शेजारी, जागा मिळाली आहे. तिथला कंपाउंडर नथ्थू तिच्या माहेरचा निघाला. कंपनीने दिलेला धुकं करणारा पंपही तिथेच ठेवला. बारा आठवडे ती मुलगी रोज आईबरोबर तिथे जाऊन, शेळ्या आणि लंगड्या बैलांच्या गर्दीत बसून औषध ओढत होती. वीज गेली की ती येईपर्यंत दोघी बसून राहत. एक दिवस चुकला नाही.

पहिल्या दिवशी तिने माझ्यासमोर तीनदा फुंकलं. सातशे दहा. आठशे चाळीस. नऊशे दहा.

"कितलं उनं, मावशी?" ती धापा टाकत म्हणाली. ती आकडा विचारल्याशिवाय खुर्चीवरून उठायची नाही.

"नऊशे दहा."

"तुम्ही फुंका ना. तुम्हनं कितलं येस?"

मी फुंकलं. दोन हजार तीनशे आलं. तिने तो कागद उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाली, "डाक्टरले फुंकाले लावा. त्यानं बठ्ठं तोंडमाच ऱ्हास, निंघाव नही." डॉक्टरांची सगळी हवा तोंडातच, बाहेर काही निघायचं नाही! मला हसू आवरेना.

संध्याकाळी कंपनीच्या फॉर्मवर बघते तर सातशे दहा. मी आत गेले. "डॉक्टर, मोठा आकडा धरायचा असतो. नऊशे दहा."

"पहिली फुंक हीच नैसर्गिक. पुढच्या तुम्ही ओरडून ओरडून काढता."

"नियमात लिहिलंय."

"नियम मी वाचलाय."

त्यांनी वाचला नव्हता. पाकीट मीच फोडलं होतं. पण सुरुवात जितकी खाली, तितकी शेवटची वाढ मोठी, एवढं कळायला नियम वाचावा लागत नाही. मी गप्प बसले. हेही सांगून टाकते, कारण मी काही यातून स्वच्छ बाहेर पडलेली नाही. फक्त एक केलं. यंत्रातून जी कागदाची पट्टी येई तिची अक्षरं काही महिन्यांत पुसट होत, म्हणून मी पहिल्यापासून सगळ्या पट्ट्या एका लांब वहीत चिकटवून शेजारी शाईने आकडा, उंची आणि वजन लिहीत असे. ते चालू ठेवलं.

दर पंधरा दिवसांनी मायलेकी एसटीने येत. आकडे हळूहळू चढत होते. नऊशे तीस, नऊशे साठ, एकदा दहाने उतरला, परत चढला. झुंबरबाईला आकड्यांशी देणंघेणं नव्हतं, ती तिचं सांगे. "पहिले हापसालगून जाये तं तीनदा बठे. आते एकदाच बठस." हापशापर्यंत जाताना पोरगी पूर्वी तीनदा टेकायची, आता एकदाच. किंवा, "राते खोकस, पन माले उठाडस नही." मी तेही पेन्सिलीने लिहून ठेवी. डॉक्टरांनी एकदा वही चाळली आणि ते वाचून म्हणाले, "हे काय पुराण लिहिताय?"

बाराव्या आठवड्यात एक हजार दहा आले. शंभर मिलिलिटरची वाढ. टपरीवरचा कट चहा असतो तेवढी हवा. वजन दीड किलो वाढलं होतं आणि उंची एकशे बत्तीसवरून एकशे साडेतेहतीस झाली होती. मी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा मला खरोखर आनंद झाला होता.

"एवढंच?" ते म्हणाले. "बारा आठवड्यांत शंभर मिली?"

"अकरा टक्के आहे, डॉक्टर."

"अकरा टक्क्यांनी कोण व्यासपीठावर बोलावतं?"

फॉर्मवर सातशे दहाचे एक हजार दहा झाले, म्हणजे बेचाळीस टक्के. त्यानेही त्यांचं पोट भरलं नाही. माणूस जितका उंच, तितकी त्याची फुप्फुसं मोठी असायला हवीत, म्हणून फुंक उंचीच्या प्रमाणातही मोजतात. उंची कमी लिहिली की तीच फुंक मोठी दिसते. शिरुडे डॉक्टरांना हे मात्र बरोबर समजलं होतं. शेवटच्या फॉर्मवर त्यांनी कस्तुराची उंची लिहिली एकशे सत्तावीस.

डिसेंबरात कंपनीच्या डॉक्टर मिस्त्री कागद तपासायला आल्या. साठीच्या पारशी बाई, पांढरे केस, पायात कॅनव्हासचे बूट. शिरुडे डॉक्टरांनी हार आणला होता. तो बाईंनी घेऊन खुर्चीच्या पाठीला अडकवला आणि बसल्या. मराठी मोडकंतोडकं बोलत, मधूनच गुजराती. झुंबरबाईला ते जास्त सोपं गेलं.

"केम छे, बेन?"

"बरं शे, बेन. पोर बरी शे."

मिस्त्रीबाईंनी फॉर्म वाचले. एकदा पुढून, एकदा मागून. मग कस्तुराला भिंतीशी उभं करून स्वतः उंची मोजली आणि चष्मा वर करून शिरुडे डॉक्टरांना विचारलं, "आ छोकरी बारा आठवड्यांत पाच सेंटीमीटर नानी कशी झाली? आणि आज पाछी मोटी?"

डॉक्टर बोलायच्या आत झुंबरबाई उसळली. "नानी? मन्ही पोर घटनी का? अहो, तिना परकर तोकडा पडना. मी दोन बोटं शिवण सोडी!" आणि तिने पोरीच्या परकराची उसवलेली कड सगळ्यांसमोर उलटून दाखवली.

शिरुडे डॉक्टर शांतपणे म्हणाले, "टेक्निशियनची चूक आहे, मॅडम. बाई जुन्या आहेत, पण शिक्षण कमी. मी शंभरदा बजावलंय."

ते हे माझ्याकडे न बघता म्हणाले. नऊ वर्षांत त्यांच्या कितीतरी गोष्टी मी गिळल्या होत्या. मला राग आला असं म्हणणार नाही; किळस आली. मी आत गेले, वही आणली आणि मिस्त्रीबाईंच्या पुढ्यात ठेवली.

अर्धा तास त्या वाचत होत्या. पेन्सिलीने लिहिलेलंही त्यांनी वाचलं, एका ठिकाणी मला अर्थ विचारला. शेवटी म्हणाल्या, "नऊशे दहाचे एक हजार दहा. अकरा टक्के. डॉक्टर, अकरा तुम्हाला कमी वाटले? बीजे बधे, बाकी सगळीकडे, आम्हाला सहा-सात मिळाले. खरं लिहिलं असतं, तर ही मुलगी आमची सर्वांत चांगली पेशंट होती."

शिरुडे डॉक्टरांचा चेहरा मी तेव्हा नीट पाहून घेतला. त्यावर शरम नव्हती. हातातला पत्ता उगाच फेकला, असा नुसता चुटपुटलेला चेहरा होता. मिस्त्रीबाई बाहेर पडल्या तेव्हा जन्माचा आजारी उखर्डू पायरीवर बसून बिडी पेटवत होता. त्याने त्यांना अदबीने नमस्कार केला.

धुळ्याचं केंद्र बंद झालं, सगळे कागद रद्द. मी मिस्त्रीबाईंना गाडीपाशी गाठलं. "आणि कस्तुराचं औषध?"

"केंद्र बंद, तो औषध बंद. उरलेल्या बाटल्या परत. नियम आहे."

"खोटं तिने लिहिलेलं नाही."

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या आणि गाडीत बसल्या. त्या हुशार होत्या, सच्च्या होत्या, आणि त्या क्षणी मला त्यांचीही शिरुडे डॉक्टरांइतकीच चीड आली.

झुंबरबाईला सांगायचं काम माझ्यावर आलं. ती आवारातल्या निंबाखाली भाकरी सोडून बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"ती वही तुम्ही दखाडी ना, बाई?"

"हो, अक्का."

"मंग दवाई तुम्हीच बंद करी."

मी म्हणाले की डॉक्टरने खोटं लिहिलं होतं. ती म्हणाली, "तो तं तसाच शे. त्याले मी वळखस. तुम्ही कसाले बोलनात? तुम्हना नाकले लागनं म्हनीसन." माझ्या नाकाला झोंबलं म्हणून मी बोलले, असं तिचं म्हणणं.   पाच आठवडे आधी, फॉर्म जाण्यापूर्वी, मी तोंड उघडलं असतं तर औषध राहिलं असतं. ते मी केलं नव्हतं.

तिने भाकरी बांधली. मग विचारलं, "फ्रिजमा एकोनीस बाटल्या शेतस. लेवाले कोन येई?"

"कंपनीचा माणूस. त्याआधी मला फॉर्म भरून पाठवायचाय."

"लिखा मंग. गायनी लाथ मारी. बठ्ठ्या फुटन्यात."

मी लिहिलं, एकोणीस बाटल्या जनावराच्या लाथेने फुटून नष्ट, आणि खाली सही केली. नोकरीत मी लिहिलेली ती एकमेव खोटी नोंद. तिची मला आजही लाज वाटत नाही.

एकोणीस दिवस औषध पुरलं. त्याच महिन्यात शिरुडे डॉक्टरांनी मला काढलं. जळगावच्या एका दवाखान्यात तसंच यंत्र होतं, तिथे मला काम मिळालं. झुंबरबाई मला माफ करील असं वाटलं नव्हतं, आणि तिने केलंही नसेल. पण महिन्याभराने ती पोरीला घेऊन जळगावच्या एसटी स्टँडवरून विचारत विचारत दवाखान्यात आली. "खरं मोजनारी तुम्हीच शेतस," एवढंच म्हणाली. जोडायचं तर दवाई बंद करणारीही मीच, हेही जोडता आलं असतं तिला. जोडलं नाही.

नऊशे ऐंशी. नऊशे तीस. आठशे नव्वद. दर महिन्याला आकडा उतरत होता. कस्तुरा विचारायची आणि मी खरा सांगायची. मी मिस्त्रीबाईंना पट्ट्यांच्या झेरॉक्स पाठवत राहिले. एका पत्रात लिहिलं, "औषधाने चढलेला आकडा तुम्ही रद्द केलात. आता औषध काढल्यावर तो कसा उतरतो ते पाहा. हा कुणी बनवलेला नाही." चार पत्रांना उत्तर आलं नाही.

मेमध्ये जळगावला आमच्याच दवाखान्याच्या हॉलमध्ये खानदेशातल्या डॉक्टरांचं संमेलन भरलं. चहापाण्याला आम्हालाही थांबवलं होतं. कस्तुराची त्या दिवशी तपासणी होती, म्हणून ती माझ्याशेजारी मागच्या रांगेत बसली होती. आणि शिरुडे डॉक्टर व्यासपीठावर आले. गळ्यात टाय. पडद्यावर स्लाइड लागली: एक मुलगी, डोळ्यांवर काळी पट्टी, आणि खाली बेचाळीस टक्के.

कंपनीने रद्द केलेला तोच कागद. तो माणूस निर्लज्ज आहे हे मला माहीत होतं, पण इतका आळशीही असेल असं वाटलं नव्हतं. नवं खोटं रचायचेही कष्ट त्याने घेतले नव्हते.

"मावशी, ही मीच शे ना?" कस्तुरा कुजबुजली. "डोळा कसाले झाकात? परकर तं मन्हाच दिखस." मग तिला खोकला आला. तिचा खोकला साधा नसे. सुरू झाला की चार-पाच मिनिटं थांबत नसे. सगळा हॉल मागे वळला. शिरुडे डॉक्टरांना बोलणं थांबवावं लागलं. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं, ओळखलं, आणि मला वाटलं आता तरी हा माणूस खाली बसेल.

ते हसले. हात पुढे करून म्हणाले, "योगायोग पाहा! हीच ती पेशंट. उभी राहा बाळ. पाहा, किती सुधारली आहे!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिकलेले लोक, छातीचे डॉक्टर. समोर मुलगी खोकून निळी पडतेय आणि हे टाळ्या वाजवताहेत.

कस्तुरा खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. श्वास परत यायला तिला वेळ लागला. मग स्पष्ट म्हणाली, "बेचाळीस नही. अकरा. आते तं ते बी ऱ्हायनं नही."

काही जण हसले, गावाकडची पोर काहीतरी बोलली म्हणून. शिरुडे डॉक्टरांनी पुढची स्लाइड मागितली. शेवटी त्यांना शाल आणि नारळ मिळाला.

पण आमच्या जळगावच्या दवाखान्याचे मोठे डॉक्टर पहिल्या रांगेत होते आणि ते हसले नव्हते. चहाच्या वेळी माझ्याकडे आले. "ती अकरा म्हणाली. अकरा काय?" मी कपाटातून वही काढून दिली. त्यांनी उभ्याउभ्याच वाचली. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः मुंबईला मिस्त्रीबाईंना फोन लावला. मला ऐकू येत होतं. ते फार सभ्य बोलत नव्हते. माझ्या चार पत्रांना जे जमलं नाही, ते एका मोठ्या डॉक्टरच्या दहा मिनिटांच्या फोनला जमलं. मुंबईच्या एका इस्पितळामार्फत कस्तुराला औषध द्यायचं ठरलं. ते प्रत्यक्ष आलं ऑगस्टात. तोवर ती सातशे नव्वदवर आली होती.

औषधाने ती परत आठशे ऐंशीपर्यंत चढली. एक हजार दहा परत कधीच आले नाहीत. ती दहावी झाली, दुसऱ्या प्रयत्नात. साक्रीच्या एका शिवणक्लासात एक वर्ष गेली. नव्व्याण्णवच्या डिसेंबरात, एकोणीस वर्षांची होऊन, न्यूमोनियाने गेली.

महिन्याभराने दवाखान्यात फोन आला. शिरुडे डॉक्टर. आवाजात तोच गोडवा. "सुनंदाबाई, त्या मुलीचे शेवटचे आकडे तुमच्याकडे असतील ना? केस पूर्ण करायची आहे."

"कोणत्या मुलीचे?" मी विचारलं.

"ती हो, साक्रीकडची."

"नाव काय तिचं?"

 कागद चाळल्याचा आवाज आला. मी फोन ठेवून दिला.

झुंबरबाई संक्रांतीनंतर आली. मी तिच्यासाठी चहा मागवला. तिने बशीत ओतला आणि थंड होऊ दिला. मग म्हणाली, "बाई, एक सांगा. ती दवाईनं मन्ही पोरले कितलं दिधं?"

 मी वही उघडली, पाच वर्षांची पानं पाहिली. "अक्का, हे नक्की मोजता येत नाही," मी म्हणाले. "माझ्या अंदाजाने दोन वर्षं. जास्तीत जास्त तीन."

"दोन वरीस," ती म्हणाली. तिने मनाशी काहीतरी मोजलं, बहुतेक त्या दोन वर्षांत काय काय झालं ते. मग मान हलवली आणि चहा प्यायली.